लिंबू वासाचा गॅस

३ फेब्रुवारी

जावईबापू,

ड्रम परत मिळाला. सील न तोडता, फडक्याने पुसून, दोरीने आवळून पाठवलात. आभारी आहे. इतक्या निगुतीने आमच्या घरातून मुलीची पाठवणीसुद्धा झाली नव्हती. ती परस्पर रजिस्टर ऑफिसातून तुमच्याकडे गेली आणि मला बातमी न्हाव्याच्या खुर्चीत कळली, अर्ध्या दाढीला.

ड्रम उतरवताना टेम्पोवाला पुटपुटत होता. मी काचेच्या आत बसलोय, मला ऐकू जायचं नाही, असं त्याला वाटलं. पण माझे कान तुम्हाला माहीत आहेत. "म्हाताऱ्याची घाण म्हाताऱ्याच्या दारात," असं म्हणाला आणि हसला. हे वाक्य त्याचं नव्हे. तो शिवी देतो तेव्हा थेट आई-बहिणीवर येतो. इतकी घोटून गुळगुळीत केलेली शिवी पदवीशिवाय येत नाही.

पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही मध्येच फोन आपटता आणि मी मध्येच तोंड सोडतो. कागदावर दोघांचीही सोय नाही.

टेम्पोवाल्याला चहा पाजला. दुसऱ्या कपाला त्याने सगळं ओकलं. तुमच्या टाकीत येणारा कोरा, बिनवासाचा गॅस हल्ली माझ्या ड्रममधली घाण न मिसळताच तुम्ही इमारतीच्या नळांत सोडता. वर त्यात लिंबाचा अर्क घालता. जिन्यापाशी पाटी लावली आहे म्हणे, 'सुगंधित गॅस. दुर्गंधीला निरोप.' बिऱ्हाडकरूंनी तुम्हाला पुष्पगुच्छ दिला.

त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर माझी मुलगी राहते. तिला दिवस गेलेत हेही मला टेम्पोवाल्याकडूनच समजलं. पुढच्या जन्मी त्यालाच जावई करून घेईन, निदान बातम्या तरी वेळेवर मिळतील.

आता मुद्द्याचं. तुम्ही माझ्याकडे केमिस्ट म्हणून लागलात तेव्हा पहिल्याच आठवड्यात आमच्या एका शब्दाला नाक मुरडलं होतंत. कारखान्यातल्या बायका म्हणतात 'वासवणं'. साबण वासवला का, मेणबत्त्या उद्या वासवू, हे फिनेल जास्तच वासवलं गेलं. तुम्ही माझ्याच घरी, माझ्याच ताटावर, चार पाहुण्यांसमोर म्हणालात, "सर, असं क्रियापद नाही. गंधीकरण म्हणावं." पाहुणे हसले, मीही हसलो. एक स्टोव्ह आणि एक बादली एवढाच माझा कारखाना होता तेव्हापासून मावशी माझ्याकडे मिश्रणं करते. शब्द तिचा आहे. पोटाला भाकरी घालणाऱ्या शब्दाला मी दाखला मागत नाही.

तुम्ही शब्द दुरुस्त केलात, अर्थ विचारला नाहीत. आज सांगतो. साबण वासवतात तो घेणाऱ्यासाठी. त्याला बरं वाटावं, त्याने पुन्हा यावं. गॅस वासवतात तो घेणाऱ्यासाठी नव्हे. तो झोपलेल्यासाठी, शेगडी बंद करायला विसरलेल्यासाठी, भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडासाठी. तिथे बरं वाटून काय करायचंय? तिथे माणसाने तोंड वाकडं करून ताडकन उठायला हवं, शेजाऱ्याचं दार बडवायला हवं. म्हणून ती सडक्या अंड्याची घाण, थेंबाथेंबाने, मोजून. वासवताना आपण कोणाकडे तोंड करून उभे आहोत हे ज्याला कळत नाही, त्याने अत्तराची फेरी करावी. टाकीला हात लावू नये.

आणि एक सांगा. लोकांची तक्रार होती की मीटरपाशी घाण येते. गॅस नळात असतो तोवर त्याचा वास कोणालाच येत नाही. वास आला म्हणजे गॅस बाहेर आला. तुम्ही गळती बुजवायची सोडून वास बदललात. कुत्रं भुंकतं म्हणून चोराला आत घेऊन कुत्र्याला हाकललंत.

ड्रम उद्या पुन्हा पाठवतो. टाकीत घाला.

सासरा


११ फेब्रुवारी

जावईबापू,

ड्रम पुन्हा परत आला. टेम्पोवाल्याचं आणि त्याचं आता चांगलं जमलंय, दोघांना एकमेकांवाचून करमत नाही.

सोबत तुमची बाटली मिळाली, चिठ्ठीही मिळाली. "आमच्या लिंबाचा नमुना. आपलं मत कळवावं. बाजारात आपल्या नाकाला मान आहे." मान आहेच. तो काही हुंड्यात मिळालेला नाही. ज्या काळात तुम्ही पाटीवर अक्षरं गिरवत होतात त्या काळात मी दारोदार जाऊन लोकांच्या मोऱ्या हुंगत होतो आणि त्यांना सांगत होतो की तुमच्या मोरीला काय हवंय.

मत कळवतो. लिंबू कच्चं आहे. वर सालीचा नुसता भपका, मागे काही नाही. डोक्यात जातं आणि टिकत तर मुळीच नाही. कुठल्या तरी स्वस्त दुकानातून आणून त्यात पाणी घातलेलं दिसतं. मावशी आज बहिणीकडे गेली आहे, नाहीतर तिनेही हेच सांगितलं असतं. तिची वाट बघायची गरज पडली नाही. झाकण उघडलं आणि समजलं.

तुम्ही पुढे लिहिता की घाणीने नकटीला उलट्या होत होत्या, जिना चढवत नव्हता, म्हणून हे केलं. म्हणजे बायकोवरच्या प्रेमापोटी. वा. उलटी होत होती कारण तिचं नाक शाबूत आहे आणि तुमचे नळ शाबूत नाहीत. परकरात होती तेव्हापासून कारखान्याच्या दारातून सांगायची, बाबा, आज मोगऱ्याचं पातेलं करपलंय. पातेलं आतल्या खोलीत असायचं. हिचं नाक बसकं म्हणून मीच तिला नकटी म्हणायला लागलो आणि सगळ्या कारखान्यात तेच रूढ झालं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. हिच्या लग्नाला एकच होतं, मी. तेही तुम्ही सहज ओलांडलंत. राजीनामा आणि मुलगी, दोन्ही एकाच दिवशी घेऊन गेलात. त्या इमारतीच्या गॅसचं गिऱ्हाईकही नेलंत, पण ते जाऊ दे, गिऱ्हाईक कोणाचंच नसतं.

तिच्याशी बोलायचं म्हणून तुमच्या सासूबाईंनी फोन केला होता. तुम्ही उचललात आणि सांगितलंत, "ती विश्रांती घेतेय, बाबांच्या घाणीचा विषय नको." मी बाजूलाच बसलो होतो. रिसिव्हर तुमच्या सासूबाईंच्या कानाला, पण शब्द न् शब्द माझ्या कानात. मागे नकटीचा आवाज होता. ती विचारत होती, "कोण आहे?" तुम्ही तिला म्हणालात, "राँग नंबर."

हे मी लक्षात ठेवलंय.

तपासणी खात्यात तक्रार करता येते मला. अजून केली नाही, कारण टाकीला टाळं लागलं तर तुमच्याबरोबर माझी मुलगीही रस्त्यावर येईल. हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच तुम्ही माझा ड्रम इतक्या निवांतपणे परत पाठवता.

तिसऱ्यांदा पाठवतोय. लिंबू बंद करा.

सासरा


१९ फेब्रुवारी

जावईबापू,

पाणी होतं.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. "सर, बाटलीत उकळून गार केलेलं पाणी होतं. कच्चं लिंबू, सालीचा भपका, हे आपलं मत मी चौकटीत घालून दुकानात लावू का? ज्यांना वासच येत नाही त्यांनी वासवण्याचे धडे देऊ नयेत." शेवटी आमचा शब्द वापरलात, एवढं तरी माझ्या पदरात पडलं.

डाव चांगला होता. मी तुमच्या जागी असतो तर मीही हेच केलं असतं, फक्त साध्या नळाचं पाणी वापरलं असतं. उकळण्याचा गॅस वाचला असता.

नाक गेलं ते गेल्या हिवाळ्यातल्या तापात. ताप उतरला, नाक परत आलं नाही. एक दिवस पेपर वाचत ओट्याशेजारी बसलो होतो आणि दूध करपून भांडं काळं झालं. तुमच्या सासूबाई पलीकडच्या खोलीतून धावत आल्या, भांड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खाली बसल्या. त्यांना आणि मावशीला सोडून कोणाला माहीत नव्हतं. आता तुम्हाला आहे.

मग धंदा कसा चाललाय, असं तुमच्या मनात येईल. ऐकून. मावशी नमुना नाकाशी नेते तेव्हा मी तिचा श्वास ऐकतो. चांगला वास असला की श्वास लांब आत जातो आणि क्षणभर आतच राहतो. वाईट असला की अर्ध्यात तुटतो. गिऱ्हाईकाचंही तेच. त्याने तोंड उघडायच्या आधी मला उत्तर कळलेलं असतं. त्या दिवशी मावशी नव्हती. ऐकायला कोणाचा श्वास नव्हता, म्हणून तुमची चिठ्ठी ऐकली आणि मला जे ऐकायचं होतं तेच ऐकलं. रागात माणूस बहिरा होतो, बाकी काही नाही.

चौकट करा. चांगल्या लाकडाची करा. सगळ्या बाजाराला सांगा. माझ्याकडून एक अक्षर उलट येणार नाही.

पण त्यामुळे माझं लिंबाबद्दलचं म्हणणं खोटं ठरत नाही. मला वास येत नाही म्हणूनच सांगतो. वर्षभर मी असा माणूस आहे, ज्याच्या घरात गॅस सुटला तर कळणार नाही. आमच्याकडे शेगडी पेटवायच्या आधी तुमच्या सासूबाई मला स्वयंपाकघराबाहेर काढतात आणि स्वतः ओट्याखाली वाकून हुंगतात, रोज. तुमच्या इमारतीतल्या सगळ्यांना तुम्ही माझ्यासारखं करून ठेवलंय, आणि वर त्यांना पुष्पगुच्छ द्यायला लावलंत.

तुम्ही म्हणाल, त्यांना वास येतोच की, लिंबाचा येतो. येतो ना. आता नीट ऐका. तुमच्या इमारतीखालच्या दुकानात कुठलं फिनेल खपतं? पिवळी बाटली, हिरवं झाकण, लिंबू. माझं. दुकानदार मला सांगतो की इमारतीतलं एक बिऱ्हाड सुटत नाही. रोज सकाळी तिथल्या प्रत्येक घरात फरशीवरून लिंबाचा वास येतो आणि बाई मनात म्हणते, झालं, घर स्वच्छ झालं. आणि तुमचा हा गॅस हवेपेक्षा जड. सुटला तर वर जात नाही, खाली बसतो. फरशीवर. जिथून माझं लिंबू येतं, तिथूनच तुमचं येणार. कोणत्या नाकाने ओळखायचं ते? नकटीच्या नाकानेसुद्धा नाही.

पंचवीस वासांतून तुम्हाला नेमका तोच एक सापडला, जो मी आधीच लोकांच्या डोक्यात बिनधोक म्हणून बसवून ठेवलाय. दुसऱ्या कोणी केमिस्टाने केशर घातलं असतं, गुलाब घातला असता, तरी माणूस चक्रावून म्हणाला असता, हे कुठून? तुम्ही माझ्या कारखान्यात शिकलात म्हणून लिंबू घातलंत. ही चूक करायला माझ्याकडेच नोकरी करावी लागते.

आज सकाळी तपासणी खात्यात गेलो. टाळं लागलं तर लागू दे, रस्त्यावर आलात तर माझ्या दारात या, असं ठरवून गेलो. साहेब चष्मा पुसत म्हणाले, "माणूस दौऱ्यावर आहे, आला की पाठवतो." कधी येणार, विचारलं. म्हणाले, "दौरा संपला की." खुर्चीचा आवाज ऐकला. त्या खुर्चीतून तो माणूस स्वतः उठणारा नव्हे.

म्हणून पुन्हा तुम्हालाच लिहितोय. तिसऱ्यांदा पाठवलेला ड्रम तुमच्या फाटकाबाहेर उभा आहे असं टेम्पोवाला म्हणाला. आत घ्या. मला काय हवं ते बोला, पण तो आत घ्या.

सासरा


२४ फेब्रुवारी

जावईबापू,

काल जिन्यात तुम्ही मला म्हणालात, "सर, नंतर बोलू." नंतर बोलणार नाही. जे झालं ते लिहून ठेवतो, म्हणजे पुढे तुमच्या सांगण्यात ते गुळगुळीत व्हायचं नाही.

तुम्ही टाकीवर असता ती वेळ बघून गेलो. पाटी बघितली. अक्षर सुबक आहे. तिसऱ्या मजल्यावर तुमचं दार उघडंच होतं, फरशी ओली होती आणि नकटी फडकं पिळत होती. मला बघून तिला काय करावं सुचेना.

"बाबा, तुम्ही?"

"नाही, टेम्पोवाला."

ती हसली, मग रडायच्या बेतात आली, मग तेही गिळलं आणि म्हणाली, "चपला बाहेर काढा, फरशी ओली आहे." आईवर गेली आहे.

मी खुर्चीवर बसलो. तब्येत विचारली. म्हणाली, "सकाळपासून डोकं जड आहे. हे म्हणतात झोप कमी पडते." मग जरा तोऱ्यात, "घर बघा किती छान वास येतोय. तुमचंच फिनेल आहे."

"आईने दिलं?"

"विकत आणलं. दुकानातून." हा टोला मला होता, आणि योग्य जागी बसला. "आज बादलीत जास्तच पडलं वाटतं. वास जातच नाहीये."

"कधीपासून?"

"सकाळपासून. उठले तेव्हापासून."

"आणि फरशी कधी पुसायला घेतलीस?"

"आत्ताच," ती म्हणाली आणि आत वळली. "थांबा, चहा ठेवते."

मला कुठलाच वास येत नव्हता. ओल्या फरशीचा नाही, लेकीच्या घराचा नाही. मी ऐकलं. पंखा. शेजारचा रेडिओ. मोरीतला ठिबकणारा नळ. या सगळ्याच्या खाली, ओट्याखालून, एक बारीक आवाज. दात धरून कोणीतरी श्वास सोडत असावं तसा. कारखान्यात हवेच्या नळीला चीर पडली की मी डोळे मिटून जागा दाखवतो, तुम्ही बघितलंय. तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखतो.

तिने खिळ्यावरचा लायटर काढला होता.

"लायटर खाली ठेव."

"का?"

"नकटे, खाली ठेव. आणि कशाला हात लावू नकोस. बटणालाही नाही."

त्या आवाजात मी तिच्याशी आयुष्यात बोललो नव्हतो. तुम्ही तिला नेलंत तेव्हाही नाही. तिने तो असा ठेवला, जसं काही ते अंडं आहे. मी कॉक बंद केला, खिडक्या उघडल्या, तिचा हात धरला आणि अनवाणी खाली उतरवली. उतरता उतरता दारं बडवत होतो, बेल कोणी दाबू नका म्हणून सांगत होतो. दुसऱ्या मजल्यावरची बाई दार किलकिलं करून माझ्याकडे वेड्यासारखी बघायला लागली. "कसला गॅस, आजोबा? लिंबाचा वास येतोय नुसता. आमच्याकडे तर चार दिवस येतोय."

हे वाक्य पुन्हा वाचा. चार दिवस येतोय.

मग तुम्ही टाकीकडून धावत आलात. वर चढताना तुमचा श्वास ऐकला मी. धापा टाकतानाही तुम्ही हुंगत होतात, सवयीने. पहिल्या मजल्याच्या वळणावर म्हणालात, "काय झालं? कोणी फरशी..." आणि तिथेच थांबलात. बाकीचं वाक्य तोंडातच राहिलं. तुम्हाला कळलं ते मी कानांनी ऐकलंय. त्यामुळे पुढे कधी, मला तेव्हा अंदाज आला नाही, असं म्हणू नका.

नंतर तुम्हीच ओट्याखाली वाकून जोडाला साबणाचं पाणी लावलंत आणि फुगे आले. फरशी पुसायच्या दांड्याने कधीतरी तो जोड ढिला केला होता. साबणही माझाच होता, पण ते आता उगाळत नाही.

शेवटच्या पायरीवर नकटी बसली होती. तिने विचारलं, "बाबा, मला नाही कळलं. तुम्हाला कसा आला वास?"

"मला वास येत नाही."

"म्हणजे?"

"नाक गेलंय. वर्ष झालं. नवऱ्याला विचार, त्याला माहीत आहे."

ती तुमच्याकडे वळली. "तुला माहीत होतं?"

तुम्ही बुटांकडे बघितलंत. मग म्हणालात, "मी सांगणार होतो."

"कधी?"

ती मला म्हणाली, "आणि हे मला सांगतात की बाबांनी आमच्या लिंबाला नावं ठेवली, जळतात म्हणून. मी हसले होते, बाबा."

"हसण्यासारखंच होतं," मी म्हटलं. "पाणी होतं ते."

ती सध्या आमच्याकडे आहे. मी ठेवून घेतलेली नाही. तिनेच सांगितलंय, टाकीत घाण पडली की कळवा, मग येते. डॉक्टरांनी तपासलं, दोघंही बरी आहेत. हे तुम्हाला मी कळवायला नको होतं, तुम्ही फोन करून विचारायला हवं होतं. काल रात्रभर फोनच्या बाजूला मी बसलो होतो, तुमच्या सासूबाई नव्हेत. वाजला नाही. की पुन्हा राँग नंबर लागेल अशी भीती वाटली?

बिऱ्हाडांचे गॅस बंद ठेवा. ड्रम फाटकाबाहेर आहे.

सासरा


९ मार्च

जावईबापू,

तुमची एक ओळीची चिठ्ठी मिळाली. "ड्रम टाकीत घातला. पाटी काढली." माफी कुठेही नाही. बरं केलंत. तुमची माफी मला वासवलेली वाटली असती.

बाजारात तुम्ही माझ्या नाकाचं कोणाला सांगितलं नाही, असं कानावर आलं. त्याबद्दल उपकार केलेत असं मानू नका, मीच सांगून टाकलं. कारखान्यातल्या सगळ्यांना मध्ये बोलावलं आणि मावशीला माझ्या खुर्चीवर बसवलं. ती म्हणाली, "मालक, खुर्ची डुगडुगते." इतकी वर्षं मला वाटत होतं ती फक्त माझ्याखालीच डुगडुगते. दोन मोठी गिऱ्हाइकं तुटली. बाकीची आता मावशीला विचारतात, आणि मी बाजूला बसून त्यांचे श्वास ऐकतो. सवय जात नाही.

नकटी सोमवारी परत गेली. मी सोडायला आलो नाही, कारण जिन्यात तुम्ही भेटला असतात. तिने सांगितलेलं लिहितो. दुसऱ्या मजल्यापर्यंत चढली आणि कठडा धरून ओकली. त्याच चार दिवसांच्या लिंबूवाल्या बाईच्या दारासमोर. बाई बाहेर आली, नाक धरून तुम्हाला बोलली, तुमच्या सासऱ्यालाही बोलली, आणि शेवटी म्हणाली, "हे माझ्याच मीटरमधून येतंय की काय?" तिच्याच मीटरमधून येत होतं. तुम्ही नळवाल्याला बोलावून जोड बदललात, मग पहिल्या मजल्यावरचा एक, मग तळाचा. एकूण किती ते विचारलं नाही. तुम्ही लिंबू घालून झाकलेले सगळे.

आज सकाळी तिचा फोन आला.

"बाबा, जिन्यात आता कसलाच वास येत नाही."

"फिनेलचाही?"

"नाही. सगळी नुसत्या पाण्याने पुसताहेत. घाबरली आहेत."

म्हणजे अख्खी इमारत माझ्या हातची गेली. जाऊ दे. मी तिला म्हटलं, असंच असतं, गॅस नीट वासवला आणि नळ नीट जोडले की काही म्हणजे काही वास येत नाही. तिने विचारलं, "तुम्हाला नेहमी असंच वाटतं का?"

हो म्हटलं. फरक एवढाच, की तुमच्याकडे वास नाही याचा अर्थ गॅस सुटलेला नाही. माझ्याकडे त्याचा काहीच अर्थ नाही. म्हणून तुमच्या सासूबाई अजून रोज ओट्याखाली वाकतात. गुडघे दुखतात त्यांचे. मी बाहेर उभा राहून त्यांचा श्वास ऐकतो.

ड्रम संपत आला की कळवा. टेम्पोवाल्याला पाठवा, तुम्ही येऊ नका. बाळाला बघायला मी येईन तेव्हा तुम्ही टाकीवर असा.

सासरा